‘तुमचं ईपीएबीएक्स गेलंच समजा’ असं सांगत कुणी आलं तर

आमच्या ऑफिसात बारा वर्षांपूर्वीचं ईपीएबीएक्स होतं, म्हणजे बाहेरच्या लाइन आतल्या फोनना जोडून देणारा एक्स्चेंजचा डबा. बाहेरच्या चार लाइन, आत चोवीस एक्सटेन्शन. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि अचानक एका महिन्यात ते तीनदा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. चालू कॉल मध्येच तुटायला लागले. देखभालीचं कंत्राट आम्हीच दोन वर्षांपूर्वी ‘काही होत तर नाही’ म्हणून बंद केलेलं. ही चूक आमची, ती आधीच कबूल करतो.

नेमका त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस आला. ‘तपासणी फुकट, घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या.’ त्याने डबा उघडला, टॉर्च मारली, मोबाइलवर दोन फोटो काढले आणि पाच मिनिटांत निकाल दिला: मदर कार्ड, म्हणजे डब्यातलं मुख्य सर्किट, गेलंय, हे मॉडेल आता बनत नाही, सुटे भाग मिळणार नाहीत. या पाच मिनिटांत त्याने साधं मल्टिमीटरसुद्धा लावलं नव्हतं. आज ते डोळ्यांसमोर येतं, तेव्हा मात्र मी मान डोलावत उभा होतो.

मग बॅगेतून एका बातमीची प्रिंट निघाली: जुन्या टेलिफोन लाइन कायमच्या बंद होणार. बातमी खरी होती, पण ब्रिटनची. तिथे जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं, पुढे ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली गेली. आमचं ऑफिस काही ब्रिटनमध्ये नाही. देशाचं नाव असलेली वरची ओळ प्रिंटमध्ये नव्हतीच, हे मला नंतर मूळ बातमी शोधल्यावर कळलं. आमच्या लाइन बंद होणार असत्या तर आमच्याच टेलिफोन कंपनीने लेखी कळवलं असतं. एक फोन करून विचारायचं होतं. तेवढंही केलं नाही.

करार साठ महिन्यांचा. ‘हँडसेट फुकट, फक्त दरमहा भाडं.’ सही केली तेव्हा मी पहिलं पान वाचलं होतं. चौथ्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक एक्सटेन्शनचं लायसन्स वेगळं, आणि मुदत संपायच्या नव्वद दिवस आधी लेखी नकार दिला नाही तर करार आणखी बारा महिने आपोआप वाढणार. जुना डबा तो ‘भंगारात घालतो, तुमची कटकट नको’ म्हणत घेऊनच निघाला होता. आमच्या स्टोअरचे काका आडवे आले. ‘साहेब, नोंदवहीत आहे ती वस्तू, अशी नाही सोडता येत.’ मला तेव्हा काकांचाच राग आला होता.

नवी सिस्टीम इंटरनेटवर चालणारी. पहिले चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला समोरच्याचा आवाज तुकड्यातुकड्यांत, रोबोट बोलल्यासारखा यायला लागला. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘तुमचं इंटरनेट कमी पडतंय, मोठा प्लॅन घ्या, आम्हीच देतो.’ तोही घेतला. फरक शून्य. इंटरनेटवरून आवाज पाठवायची नेहमीची पद्धत म्हणजे जी.७११ कोडेक. तिच्यावर एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८० ते ९० किलोबिट प्रति सेकंद लागतात. म्हणजे दहा कॉल एकाच वेळी चालले तरी एक मेगाबिटच्या आतच काम होतं. आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट होतं. खरा घोळ असा की रोज अकराला संगणकांचं बॅकअप वर चढायचं आणि अपलोड पूर्ण भरून जायचं. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्यायची सेटिंग केली असती तर भागलं असतं. ती करणं त्याचं काम होतं.

हँडसेट ‘कोरे’ होते. एकावरची एक्सटेन्शनच्या नंबरांची कागदी पट्टी बदलायला म्हणून प्लॅस्टिकचं झाकण काढलं, तर आत जुनी पट्टी होती. कुणाच्या तरी हिशेब खात्याची, बॉलपेनने लिहिलेली. दोन नावं खोडून वर तिसरं लिहिलेलं. मग बाकीचेही उघडून पाहिले. चोवीसांपैकी नऊ.

पण ज्या गोष्टीने मला खरंच घाम फुटला ती लिफ्टची. दर महिन्याच्या तपासणीला लिफ्टवाल्याने आतलं आणीबाणीचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. रिंग नाही, खरखर नाही, काही नाही. ते बटण आमच्या चार जुन्या लाइनींपैकी एकीवर जोडलेलं होतं, आणि ‘आता या लाइनींचा काय उपयोग’ म्हणत त्या कंपनीच्या माणसाने चारही बंद करायचा अर्ज माझ्याच सहीने पाठवला होता. साध्या तांब्याच्या लाइनीवरच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच मिळते, म्हणून वीज गेली तरी तो चालतो. इंटरनेटवरचा फोन स्विच आणि राउटर बंद झाले की मुका. हे त्याला माहीत नसेल असं मी मानत नाही. लिफ्ट, चोरीचा अलार्म, फॅक्स, कार्ड मशीन यांपैकी काय कुठल्या लाइनीवर आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

शेवटी ओळखीतून एक जुना टेक्निशियन मिळाला. स्टोअरमधून काकांनी डबा काढून दिला. त्याने पॉवर सप्लाय सोडवून माझ्यापुढे धरला. ‘हे बघा साहेब.’ दोन कपॅसिटरची डोकी फुगून वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. ‘मदर कार्ड ठणठणीत आहे.’ त्याने दोन्ही बदलले, डबा लावला, हिरवे दिवे ओळीने लागले. नव्या सिस्टीमच्या एका महिन्याच्या भाड्यात असल्या दुरुस्त्या कित्येक झाल्या असत्या.

मग त्याने लॅपटॉप जोडून डब्याच्या मेमरीतली शेवटच्या कॉलची नोंद काढली. सिस्टीम बदलायची की नाही हे यातून कळतं, असं तो म्हणाला, आणि ते मला पटलं. चारही लाइन एकाच वेळी गुंतल्यात असं दोन आठवड्यांत मोजून सात मिनिटं झालं होतं. म्हणजे लाइन कमी पडत नव्हत्या. उलट संध्याकाळी सहानंतरचे ढीगभर कॉल कुणी उचलतच नव्हतं. आमची अडचण तिथे होती, आणि त्याला ते कॉल मोबाइलवर वळवण्याची एक छोटी सोय पुरली असती. बाहेरच्यांना सारखा एंगेज टोन ऐकू येतो, सुटा भाग फक्त भंगारातून मिळतो, एक माणूस बदलला तरी टेक्निशियनला बोलवावं लागतं, लोक ऑफिसचा नंबर सोडून स्वतःचा मोबाइल नंबर देत सुटतात, असं काही असतं तर त्यानेच नवं घ्यायला सांगितलं असतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

नवी सिस्टीम सोडायचं ठरवलं तेव्हा दोन गाठी कळल्या. सिस्टीमचा ॲडमिन पासवर्ड त्या कंपनीकडे, आणि आमचा वीस वर्षांचा नंबर नव्या सेवेत त्यांच्या कंपनीच्या नावावर चढवलेला. जुनी बिलं काकांनी फाइलला लावून ठेवली होती, त्यांच्या जोरावर सात आठवड्यांनी नंबर परत मिळाला. पासवर्ड अजून मिळालेला नाही.

जुना डबा परत भिंतीवर लागलाय, एक लाइन लिफ्टसाठी राखून. भाड्याचे अडतीस हप्ते बाकी आहेत, दर महिन्याच्या पाच तारखेला जातात. गेल्या आठवड्यात त्याच माणसाचा फोन आला होता: ‘साहेब, तुमच्या सिस्टीमचं नवं व्हर्जन आलंय.’ मी फोन काकांकडे दिला.