‘ही जातच असली असते’ असं सांगून आमच्या आजारी शॅमेलिऑनवर पैसे काढले गेले

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, भर दिवसा डोळे मिटून बसला असेल, तर तो झोपलेला नसतो. तो आजारी असतो, आणि बहुतेक वेळा बराच आधीपासून आजारी असतो. माझ्या मुलीनं हे पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी विकणाऱ्याला फोन लावला होता. उत्तर आलं, ‘काय टेन्शन घेऊ नका ताई, ही जातच असली असते. निवांत बसून राहतंय ते.’ पुढं प्रत्येक लक्षणावर त्यानं हेच वाक्य ऐकवलं आणि प्रत्येक वेळी त्यासोबत काहीतरी विकलं. शेवटी त्यात एक मुका जीव गेला. तो माणूस अजूनही तेच प्राणी, त्याच फोटोंसकट विकतो आहे, म्हणून मी हे सविस्तर लिहिते आहे.

प्राणी होता व्हेल्ड शॅमेलिऑन. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा, डोक्यावर उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे. मुलगी बारावीला सायन्सला. वर्षभर वाचून, पैसे साठवून, घरात सगळ्यांना पटवून तिनं हा निर्णय घेतला होता. कोल्हापुरातल्याच एका पेट शॉपवाल्यानं १८ हजार सांगितले. ‘नर आहे, आपल्याकडंच जन्मलेला, कागदपत्रं क्लिअर.’ मुलीनं नर आहे ना, हे तीनदा विचारून घेतलं. कारण मादी नर जवळ नसतानाही अंडी धरते आणि ते सांभाळणं नवख्याला जड जातं, हे तिनं वाचलं होतं. नाव ठेवलं पिस्ता.

पिंजऱ्याबरोबर त्यानं ‘यूव्ही बल्ब’ म्हणून एक जांभळट उजेडाचा दिवा दिला, १,८०० रुपयांचा. शिवाय लेबल नसलेल्या पुडीत पांढरी पावडर, ‘इंपोर्टेड कॅल्शियम’. इथंच खरी मेख आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

शॅमेलिऑनच्या कातडीवर सूर्याचे यूव्हीबी किरण पडले की त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जातं. ते नसेल तर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दबतो. यूव्हीबी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर लहरलांबीचे अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरण. आमच्या दिव्याच्या बुडाशी बारीक अक्षरात छापलं होतं ‘३९५ एनएम’. असल्या दिव्याखाली दुकानदार नोटा तपासतात. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळं जांभळा उजेड दिसतो म्हणून दिवा खरा, असं काही नसतं. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच्या नामांकित कंपनीची यूव्हीबी ट्यूब घ्यावी लागते आणि तीसुद्धा कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत बदलावी लागते, कारण उजेड चालू राहिला तरी यूव्हीबी कमी होत जातो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही कामाचं नाही, काच हे किरण अडवते.

आणि हे सगळं जुलैत. कोल्हापूरचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पंचगंगेचं पाणी वर चढत असतं, घरात कपडे वाळत नाहीत. उन्हाळ्यात गच्चीवर कोवळ्या उन्हात काही वेळ नेता आलं असतं तर निदान थोडी भरपाई झाली असती. दिव्यावरच सगळी मदार होती, आणि दिवाच खोटा.

पहिलं लक्षण मुलीनं टिपलं ते जिभेचं. पिस्ता किड्यावर नेम धरायचा, तोंड उघडायचा आणि जीभ अर्ध्यातच पडायची. निरोगी शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडापेक्षा लांब जाते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत किड्यापर्यंत पोचते. आमचा पिस्ता तीच जीभ हळूहळू, कष्टानं आत ओढून घेत होता. मुलीनं व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर, ‘नेम शिकतंय अजून, बारकं हाय.’ मग पुढच्या पायांची पकड सुटायला लागली, फांदीवरून घसरायला लागला. ‘गुळगुळीत फांदी असंल, ही घ्या आपल्याकडची.’ सहाशे रुपये. अंग दिवसभर काळपट. ‘रंग बदलतंय की ते, त्यासाठीच घेतलाय न्हवं?’ पोट फुगलेलं. ‘खातंय चांगलं.’ पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कोपरे उकरायला लागला. ‘खेळतंय.’

या प्राण्याच्या बाबतीत असं खोटं सहज खपतं, कारण तो मुळातच कमी हलतो, कमी खातो, रंग बदलतो आणि दुखणं लपवतो. रानात जो दुबळा दिसला त्याला शिकारी उचलतो, म्हणून शेवटपर्यंत धट्टाकट्टा असल्याचं दाखवत राहणं त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळं एखादं लक्षण उघड दिसायला लागलं, म्हणजे आतून गोष्टी फार पुढं गेलेल्या असतात. विकणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं.

डोळे मिटायला लागल्यावर मी स्वतः दुकानात गेले. तेव्हा त्यानं ‘एक्झॉटिकचे स्पेशालिस्ट डॉक्टर’ घरी पाठवतो म्हणून सांगितलं. एका फेरीचे २,००० रुपये, गुगल पे दुकानदाराच्याच नंबरवर. तो माणूस बॅग घेऊन आला, पिस्ताला हातात धरून उलटापालटा केला आणि सरळ सुई टोचली. ‘मल्टिव्हिटॅमिन आणि अँटिबायोटिक.’ माझ्या मुलीनं विचारलं, ‘काका, वजन नाही का करायचं?’ तर हसला. दुसऱ्या खेपेला सिरिंजनं तोंडात जोरात पाणी मारलं. मी औषधं लिहून मागितली तेव्हा म्हणाला, ‘लिहायचं काय त्यात, मीच येतोय की.’

शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या जिवाला वजन न करता सुई देणारा माणूस डॉक्टर नसतो, हे आता मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि इतक्या लहान शरीरात एखादा थेंबही जास्त होतो. काही अँटिबायोटिकं तर पाणी कमी पडलेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडावरच बसतात, म्हणून आधी अंगातलं पाणी भरून काढायचं असतं. आणि सिरिंजनं तोंडात पाणी मारणं घातक, कारण याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेजवळ पुढंच असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. शॅमेलिऑन पानांवरचे थेंब चाटून पाणी पितो, वाटीत साचलेलं पाणी बहुधा त्याला ओळखूच येत नाही.

त्या माणसाच्या दुसऱ्या खेपेनंतर त्याच संध्याकाळी आम्ही पिस्ताला दुसऱ्या एका पशुवैद्यांकडं नेलं. हे खरे, नोंदणीकृत. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, ‘माझ्याकडं रोज म्हशी आणि कुत्री येतात, शॅमेलिऑन मी फारसे पाहिलेले नाहीत. पण तपासतो, आणि पुण्यात माझे सहकारी हेच काम करतात, त्यांना विचारत विचारत करूया.’ एवढ्या एका प्रामाणिक वाक्यानं मला धीर आला. त्यांनी आधी छोट्या डिजिटल काट्यावर वजन घेतलं. मग मागच्या पायाची टाच भिंगातून पाहिली आणि आम्हालाही दाखवली. या जातीच्या नराच्या टाचेमागं एक लहानसा उंचवटा असतो, अगदी अंड्यातून बाहेर येतानापासून. पिस्ताच्या दोन्ही टाचा सपाट होत्या.

नर म्हणून विकलेली ती मादी होती. एक्स-रेमध्ये पोटभर गोल गोल अंडी दिसली. हाडं पांढरी उठून दिसायला हवीत, ती आजूबाजूच्या मांसात जवळपास मिसळून गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं : अंडी बाहेर ढकलायला स्नायूंना कॅल्शियम लागतं. अंडी तयार करण्यातही कॅल्शियम गेलेलं. यूव्हीबी नाही, त्यामुळं नवीन काही मिळत नाही. ती तळ उकरत होती ते अंडी घालायला जागा शोधत होती. तिला वीतभर तरी खोल, ओलसर वाळूची, कुणाची नजर पडणार नाही अशी कुंडी किंवा बादली हवी होती. मादी आहे हे माहीत असतं तर मुलीनं ती पहिल्या दिवशीच ठेवली असती.

त्यांनी कोमट सलाइन आणि कॅल्शियम दिलं, चिठ्ठीवर प्रत्येक औषध मिलिलिटरच्या हिशोबात लिहिलं आणि रातोरात पुण्याला पाठवलं. तिथं शस्त्रक्रिया झाली, अंडी निघाली, पण सकाळपर्यंत ती टिकली नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, उकरणं सुरू झालं तेव्हा आणली असती तर बरीच आशा होती. मधले सगळे दिवस त्या सुया टोचणाऱ्यानं खाल्ले.

तुमच्याकडं शॅमेलिऑन असेल तर माझं एवढं ऐका. दिवसा डोळे मिटणं, डोळे खोल जाणं, फांदीवरून पडणं, तळाशी बसून राहणं, नाक वर करून तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, तोंडाशी फेस किंवा चिकट लाळ, धनुष्यासारखे वाकलेले पाय : यातलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. शीटेबरोबर पांढरा भाग पडतो, तो नारिंगी दिसला तर अंगात पाणी कमी पडलंय. मादी अस्वस्थपणे उकरत होती आणि अंडी न घालताच एकदम गप्प झाली, तर ती तातडीची वेळ समजा. अशा वेळी घरचं औषध, माणसांचे ड जीवनसत्त्वाचे थेंब, जबरदस्तीनं भरवणं, काहीही करू नका. हाडं मऊ झालेली असतील तर नुसत्या धरण्यानंही मोडतात. हवा खेळेल अशा खोक्यात मऊ कापड आणि एक जाड फांदी ठेवा, खोक्यात अंधार असू द्या, गारठा लागू देऊ नका आणि निघा. ताजी शीट, दिव्याच्या बुडाचा फोटो, आधीचे व्हिडिओ सोबत न्या. आमच्या डॉक्टरांना जिभेचा तो व्हिडिओ फार उपयोगी पडला.

घरी येणाऱ्या ‘डॉक्टर’ला नोंदणी क्रमांक विचारायला अजिबात संकोच करू नका. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचाराचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यच करू शकतो आणि आपल्याकडं ही नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडं असते. खऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आमच्याकडं आलेल्या माणसाची कसलीही नोंदणी नव्हती. तो त्याच दुकानात पूर्वी कामाला होता, हे नंतर कळलं.

राहिली ‘क्लिअर’ कागदपत्रं. दुकानदारानं लॅमिनेट केलेला एक कागद दिला होता, त्यावर शिक्का, क्रमांक सगळं. पुण्याच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि जातीच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं ‘इग्वाना इग्वाना’. म्हणजे हिरवा इग्वाना, पूर्ण वेगळाच प्राणी. कुणाचा तरी जुना कागद झेरॉक्स करून आमच्या हातात दिला होता. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे यादीत, शॅमेलिऑन आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळं असा प्राणी बाळगणं, दुसऱ्याला देणं, त्याची पिल्लं होणं, त्याचा मृत्यू, सगळ्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तेव्हा पैसे देण्याआधी कागदावरचं जातीचं शास्त्रीय नाव आणि विकणाऱ्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. आणि कुणी आपल्याकडच्या रानातला शॅमेलिऑन स्वस्तात देतो म्हणाला तर विषयच संपला, तो वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, तो बाळगणं हाच गुन्हा. अशी विक्री दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आम्ही वन विभागाला सगळी हकीकत लेखी दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. एक्स-रे, डॉक्टरांचा लेखी अहवाल, गुगल पेच्या नोंदी, ‘ही जातच असली असते’चे सगळे व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस मेसेज आणि तो ३९५ एनएमचा दिवा आम्ही जपून ठेवला आहे. दुकानदार आता म्हणतो, मी नर आहे असं म्हणालोच नव्हतो. पण नर आहे असं सांगणारा त्याचा मेसेजही आमच्याकडं आहे. तुमच्याही बाबतीत असं घडलं असेल तर रागाच्या भरात चॅट उडवू नका, दिवा फेकू नका, प्राणी दगावला असेल तर डॉक्टरांकडून शवविच्छेदनाचा अहवाल मागून घ्या आणि स्वतःची वेगळी तक्रार करा. पहिल्या सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.