ऑफरींचा तुलना तक्ता: दलालाची सेवा कितपत कामाची?

कारखाना विकायला काढला की दलाल (हल्ली ‘ॲडव्हायझर’ म्हणायचं) आलेल्या ऑफरींचा एक तक्ता हातात देतो. भोसरी-चाकणसारख्या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपसाठी गिऱ्हाईक शोधणं आणि बाहेर बोभाटा होऊ न देणं ही कामं दलाल बरी करतात. तक्ता मात्र पुष्कळदा कच्चा असतो. तो नुसता किमतीच्या क्रमाने लावलेला असतो.

समजा, पहिली ऑफर ५ कोटींची आहे. तुमचं बँकेचं कर्ज खरेदीदार स्वतःकडे घेणार, २५ लाख वर्षभर एस्क्रोत (म्हणजे त्रयस्थाकडच्या खात्यात राखून). व्यवहाराच्या दिवशी हातात ४.७५ कोटी. दुसरी ६ कोटींची. त्यातले १.८० कोटी पुढच्या दोन वर्षांच्या नफ्यावर अवलंबून, ६० लाख एस्क्रोत. ४५ लाखांची कॅश क्रेडिट (बँकेची फिरती उचल) तुम्ही फेडायची. खेळतं भांडवल (माल आणि येणी, वजा देणी) ठरल्यापेक्षा २० लाखांनी कमी भरलं, तेही वजा. हातात २.९५ कोटी. सगळं सुरळीत झालं तरी एकूण ५.३५ कोटीच. म्हणजे जास्तीच्या ३५ लाखांसाठी २.४० कोटी अडकवायचे, आणि नफ्याचा हिशोब नवा मालक लिहिणार!

खेळत्या भांडवलाची पातळी मार्चअखेरच्या ताळेबंदावरून ठरवू देऊ नका. मार्चमध्ये विक्री रेटली असेल तर येणी फुगलेली असतात आणि जुलैत ताबा देताना तूट निघते. बारा महिन्यांची सरासरी धरा.

करांचा रकाना तर अनेकदा नसतोच. चालू व्यवसाय एकरकमी विकला (स्लंप सेल) आणि तो ३६ महिन्यांहून जुना असेल तर नफा दीर्घकालीन भांडवली धरतात. संपूर्ण चालू व्यवसायाच्या हस्तांतरावर जीएसटीही माफ आहे. तीच यंत्रं सुटी विकली की जीएसटी लागतो आणि घसारा घेतलेल्या यंत्रांवरचा नफा अल्पकालीन ठरतो. एमआयडीसीच्या प्लॉटला महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. ते कोण भरणार, हे प्रत्येक ऑफरपुढे लिहून घ्या.

दलालाची फी पूर्ण ६ कोटींवर आणि पहिल्याच दिवशी ठरली असेल, तर तो दुसरी ऑफर का रेटतो ते कळायला ज्योतिषी नको. ३ टक्क्यांनी १८ लाख होतात. फी हातात आलेल्या रकमेवर, हप्त्याहप्त्याने ठरवा. खरेदीदाराकडे पैसे असल्याचा बँकेचा पुरावा पाहिल्याशिवाय ‘दुसऱ्याशी बोलणार नाही’ या अटीवर सही करू नका. सही केली तरी ४५ दिवसांपुरतीच, कारण बाकीची गिऱ्हाईकं पांगली की भाव पाडणं सुरू होतं.

ओळखपाळखीसाठी दलाल घ्या. तक्ता मात्र स्वतःच्या सीएकडून नव्याने मांडून घ्या.