पॉवर पुढच्या डाव्या चाकात अडकली होती : सातारा एमआयडीसीतल्या एका गॅरेजचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, लांबड लावलीये. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी पाचापैकी चार धरा आणि निघा, एक का कापला ते खाली येतंय.

गाडी शेवरोले फॉरेस्टर, २००५ ची, एमएच ११ पासिंग. नावालाच शेवरोले ओ, पुढं जाळीवर ते सोनेरी अधिक चिन्ह आहे तेवढंच, बोनेट उघडलं की आत सगळी सुबारू. त्या काळात शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सचा सुबारूच्या कंपनीत हिस्सा होता म्हणून ही गाडी आपल्याकडं त्यांच्या शोरूममधून विकली गेली, मग २००५ मध्येच त्यांनी तो हिस्सा विकला, २०१७ संपता संपता भारतात गाड्या विकणंच बंद केलं, आणि आमच्यासारखे चार येडे गाडी घेऊन मागं राहिले. इंजिन १९९४ सीसी पेट्रोल, बॉक्सर. साताऱ्यात बॉक्सर म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "बजाजची का?" ती बाईक नव्हे. यात चार सिलिंडर उभे नसतात, आडवे झोपलेले असतात, दोन या बाजूला दोन त्या बाजूला, आणि समोरासमोरचे पिस्टन एकदमच बाहेर जातात एकदमच आत येतात, मुठीवर मूठ आपटावी तसे. इंजिन चपटं त्यामुळं सगळं वजन खाली, घाटात वळण घेताना गाडी जमिनीला चिकटून जाते, ते सुख ज्यानं घेतलंय त्यालाच माहीत. पण स्पार्क प्लग बदलायची वेळ आली की हेच आडवं इंजिन रडवतं, ते पुढं सांगतो.

तर दुखणं असं की गेली दोन वर्षं गाडी यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढेना. समर्थ मंदिराकडनं निघालं की पहिल्या दोन वळणांतच दुसरा टाकायचा आणि मग वरपर्यंत बोंबलत जायचं. दिवाळीत मेव्हणे-मंडळी आली होती, पाच माणसं बसवून कासला निघालो तर मागनं ऑल्टोवाला हॉर्न मारतोय, आणि मेव्हणा म्हणतो, "दाजी, एसी बंद करू का?" तिथं ठरवलं, हिची पॉवर वाढवायचीच.

आता थोडा दोष उंचीचा असतोच, तो गाडीचा नाही. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन असेल तर दर शंभर मीटरला साधारण एक टक्का पॉवर जाते, हवाच पातळ होते. सातारा सातशेच्या वर, कास बाराशेच्या आसपास, म्हणजे कागदावरचे सव्वाशे हॉर्सपॉवर कासला एकशे दहावरच आले समजा. पण माझ्या गाडीत तेवढेपण नव्हते, ते पायाला कळतं.

पहिला मूर्खपणा मीच केला. दुसऱ्या गावात एकाकडं गेलो, गावाचं दुकानाचं नाव टाकत नाही. त्यानं बावीस हजार घेऊन कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढला, उघडा कोन फिल्टर बसवला आणि मागं डब्याएवढं तोंड असलेला मफलर. आवाज असा की पोवई नाक्यावर लोक वळून बघायचे, मला दोन दिवस लय भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी घाटात गेलो तर गाडी आधीपेक्षा मेलेली. नंतर समजलं की कंपनीचा डबा बाहेरनं गार हवा ओढत होता आणि हा कोन फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतोय, आणि मफलर मोकळा केल्यानं खालच्या आरपीएमचा होता तो टॉर्कपण, म्हणजे ओढ, गेला. वर पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर ५ वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, तिथं हा भोंगा घेऊन जायची माझी तर हिंमत नव्हती. सगळं काढून जुनं परत बसवलं. त्या फिल्टरवर आता घरात मांजर झोपतं.

मग अजून एकानं फोनवरच टर्बो बसवायचं कोटेशन दिलं, आकडा ऐकून बायकोनं नुसतं बघितलं माझ्याकडं. त्यातनंच एका मित्रानं एमआयडीसीतलं हे गॅरेज सांगितलं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतात, तिसरी रस्त्यावर, बोर्ड नाही. मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी गेलो, टर्बो, हेडर (इंजिनलगतचे एक्झॉस्टचे पाइप), रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) सगळं शिकून गेल्यासारखं बोललो. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "दादा, पॉवर वाढवायच्या आधी हाय ती तरी हाय का बघूया की."

इथनं पुढचं ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांनी नीट वाचा.

मामा बोनेट न उघडता गाडीत बसले. वाढे फाट्यापर्यंत चक्कर, येताना म्हणाले शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेक दाबू नका, न्यूट्रल करून नुसती सोडा. उतरले आणि चारी चाकांच्या रिमला हाताची उलटी बाजू लावत फिरले. तीन गार. पुढच्या डाव्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. "हितं खातंय बघा तुमची पॉवर." ब्रेकपॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून जाम झालेली, ब्रेकपॅड डिस्कवर कायम घासत होता, म्हणजे दोन वर्षं मी अर्धवट ब्रेक दाबून घाट चढत होतो! पिना साफ करून ग्रीस, नवीन रबर, पॅडचा सेट, तासाभराचं काम. आणि मी टर्बोच्या गोष्टी करत होतो.

त्यातच टायर बघून बोलणी खाल्ली. मागच्या वर्षी मी पैसे वाचवायला पुढचे दोनच नवीन टाकले होते. या गाडीची चारही चाकं कायम इंजिनला जोडलेली असतात, मधल्या डिफरेन्शियलमधनं (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा), आणि पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा पडला की ते डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरपण कायम राबत राहतं, तापतं, खराब होतं. चारही एकदम बदलायचे, एकाच मेकचे, एकाच मापाचे.

मग इंजिन. स्पीडोमीटरमध्ये चेक इंजिनचा दिवा असतो त्या जागी माझ्या गाडीत काळी चिकटपट्टी होती. हो, आधीच्या एका कारागिराने "सेन्सरचं काहीतरी आसतं, चालतंय" म्हणून लावून दिलेली, आणि मी पण चालवून घेतलं. मामांनी ती नखाने सोलली, खाली दिवा मस्त पेटलेला. माझा तो ब्लूटूथवाला डोंगल या गाडीला कधी कनेक्टच झाला नाही, त्यांच्याकडं वेगळी केबल आणि जुना लॅपटॉप आहे, त्यावर कोड आला पी ०३२५, नॉक सेन्सर. हा सेन्सर इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टनं आवळलेला असतो आणि आत पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोका पडतोय का ते ऐकतो. जुन्या सुबारूत तो वयानं तडकतो हे जगभरचं दुखणं आहे. तो गेला की गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बहिरा होतो, ठोका ऐकू येत नाही म्हणून भीतीनं स्पार्कचं टायमिंग मागं ओढून ठेवतो, इंजिन वाचतं पण पॉवर जाते. म्हणजे गाडी मुद्दाम हळू चालत होती, आणि मला ते सांगणाऱ्या दिव्यावर चिकटपट्टी.

पार्ट यायला पाच आठवडे. शेवरोलेचा पार्ट म्हणून शोधू नका, हाताला काही लागणार नाही, सुबारूचा नंबर घेऊन बाहेरनं मागवा.

तेवढ्यात प्लग. आडव्या इंजिनात प्लग बाजूला असतात, चॅसीच्या अगदी कडेला, वरनं हात जातच नाही. एका बाजूला बॅटरी आणि वॉशरची टाकी काढा, दुसऱ्या बाजूला फिल्टरचा डबा काढा, मग एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून आंधळ्यासारखं चाचपा. म्हणूनच आधीच्या कुणी ते बदलले नव्हते, बिलात मात्र दोनदा लावलेत! प्लगचा गॅप, जिथं ठिणगी पडते ती फट, दीड मिलीमीटरपर्यंत गेलेला, १.१ च्या आत पाहिजे. दोन प्लगच्या खड्ड्यात तर ऑइल साचलेलं, तिथले सील गेलेले. प्लगच्या वायरी पण जुन्या, सपाटीला चालतात, घाटात लोड आला की करंट बाहेर पळतो. सगळं नवीन टाकलं.

प्लग काढलेच होते म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते, चेक केलं. तीन सिलिंडर १६० ते १६८ पीएसआय, चौथा १४०. माझ्या पोटात गोळा, म्हटलं आता इंजिन उतरणार. मामा म्हणाले थांबा, आधी व्हॉल्व्ह सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं. या इंजिनात ते स्क्रूनं हातानं करावं लागतं, इंजिन पूर्ण गार असताना, इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलीमीटर. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह खालच्या अंगाला, त्यामुळं मामा पाठीवर झोपून गाडीखाली, गॅरेजमधला पोरगा वरनं पुली फिरवतोय, आणि मामा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून डोळे मिटून अंदाज घेतायत, सकाळी सात वाजता, मी टॉर्च धरून. चार नंबरचा एक व्हॉल्व्ह ०.१२ वर आलेला, म्हणजे तापला की पुरता बंदच होत नव्हता. सेटिंग केलं, परत मोजलं, १५८. इंजिन न उघडता. या एका कामासाठी मी मामांना दहापैकी अकरा देईन.

टायमिंग बेल्ट लाख किलोमीटरला बदललेला होता, खुणा जुळल्या, विषय संपला. बेल्ट मात्र कुणी टाळू नका, तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

मी हळूच टर्बोचं परत विचारलं. मामांचं उत्तर सरळ होतं. आपल्या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन आतली हवा किती पट दाबतो) १० ला १, कंपनीनं टर्बोवाली फॉरेस्टर काढली तिचा ८ ला १, कारण टर्बो आधीच हवा दाबून पाठवतो. आपल्या पिस्टनवर तसाच टर्बो ठेवला तर पेट्रोल वेळेआधी पेटणार, ठोका पडणार, पिस्टन फुटणार. करायचं तर पिस्टन, इंजेक्टर, ईसीयू, क्लच सगळं करा, त्यापेक्षा आख्खं टर्बोचं इंजिनच आणा, मग आरटीओत त्याची नोंद करत फिरा. आणि नुसता हेडर आणि रिमॅप केला तर? "दहा-एक घोडं मिळतील, पन्नास-साठ हजाराला. तुमच्या चाकात त्याच्यापेक्षा जास्त आडकलं हुतं." यावर काय बोलणार.

मध्येच पेट्रोलचं. आता पंपावर ई-२० मिळतंय, त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, म्हणजे लिटरमागं सहा-सात टक्के फरक तिथंच पडतो. ऑक्टेन जास्त असतं हा फायदा, पण २००५ च्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत, माझा एक फ्युएल पाइप पावासारखा फुगलेला निघाला, बदलला. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचे पाइप खातंय, कुणाला बोलायचं.

आता रिझल्ट. साताऱ्यात डायनो (पॉवर मोजायचं मशीन) नाही, त्यामुळं मोबाइलच्या जीपीएसवर, पहाटे मोकळ्या सरळ रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८०. आधी ११.८ सेकंद, काम झाल्यावर ८.९. दोन्हीकडनं तीन-तीन वेळा घेतलेलं ॲव्हरेज आहे, माणसं दोन, एसी बंद. गावातलं मायलेज साडेआठचं साडेदहा झालं. यवतेश्वर तिसऱ्यात, पाच माणसं नव्हती पण चौघं होतो आणि एसी चालू होता. कंपनीच्या आकड्यापेक्षा एक हॉर्सपॉवर जास्त नाहीये हे पण मान्य, फक्त जे होतं ते सगळं परत आलंय. एकूण खर्च ४१ हजार, त्यात टायर नाहीत, त्यात पार्टचेच निम्म्याच्या वर.

आता तो कापलेला स्टार. दहा दिवस सांगून सात आठवडे लागले, पाच आठवडे पार्टचे मान्य केले तरी बाकीचे? मामा फोन उचलत नाहीत, उचलला तर पोरगा उचलतो आणि "मामा जेवायला गेल्यात" म्हणतो, सकाळी दहालापण. बिल कॅलेंडरच्या मागच्या पानावर, हिशोब पै-पैचा बरोबर पण ते बिल दाखवणार कुणाला. इंजिनखालच्या पत्र्याच्या तीन क्लिपा गायब, खड्ड्यात खडखड होतं. आणि घरी येताना काच पुसायला वॉशरचं बटण दाबलं तर काचेवर थेंब नाही, बोनेटमधनं वाफ! दोन मिनिटं मला वाटलं हेड गॅसकेट गेली, गाडी बाजूला घेऊन देवाचं नाव घेत बोनेट उघडलं तर वॉशरच्या टाकीचा पाइप जोडायचाच राहिलेला, सगळं पाणी गरम एक्झॉस्टवर. फोन केला. पोरगा म्हणाला मामा जेवायला गेल्यात.

जायचं असेल तर सकाळी आठच्या आत गाडी रात्रीची गार ठेवून न्या, पार्ट नंबर लिहून न्या, आणि निघताना वॉशरचं बटण तिथंच दाबून बघा.