गाडी धुण्याचा प्रेशर वॉशर: हलका घ्यावा की जड?

बेताच्या खर्चात गाडी धुण्यासाठी प्रेशर वॉशर, म्हणजे दाबाने पाण्याचा झोत सोडणारे यंत्र, घ्यायचा म्हटले, की थोड्या शोधाशोधीनंतर निवड दोन प्रकारांवर येऊन थांबते. एक कार्बन ब्रशच्या मोटरचा, एका हाताने उचलता येणारा हलका वॉशर. कारचरचा के २ आणि बॉशचा ईझी अ‍ॅक्वाटॅक ११० ही त्यातली परिचित नावे. दुसरा इंडक्शन मोटरचा, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, वजनाला कितीतरी जड. मी तीन वर्षे एका कंपनीचा हलका वॉशर वापरला आणि गेल्या वर्षापासून जड वापरतो आहे.

खोक्यावर ठळक छापलेला बारचा (बार म्हणजे दाब मोजण्याचे एकक) आकडा कमाल दाबाचा असतो. प्रत्यक्ष कामातला दाब त्याहून कमीच राहतो, आणि गाडीच्या रंगावर पूर्ण दाब तसाही कोणी सोडू नये. आमच्या नागपूरच्या बेसा भागातल्या ले-आउटमध्ये पावसाळ्यात मडगार्डच्या आत जी काळी माती चिकटते, ती आधी पाच-दहा मिनिटे भिजवल्याशिवाय सुटत नाही, आणि भिजवल्यावर दोन्ही यंत्रांनी ती सारखीच निघाली, निदान माझ्या डोळ्यांना तरी फरक दिसला नाही.

माझा निर्णय ठरवला तो पाइपने. हलक्या वॉशरसोबत आलेला पाच मीटरचा पाइप इतका ताठ होता, की डिसेंबरातल्या सकाळी त्याची वेटोळी उलगडतच नसत. साधी हॅचबॅकही साडेतीन-चार मीटर लांब असते. त्यामुळे यंत्र एका बाजूला ठेवून पलीकडची दारे धुवायला गेले, की पाइप ताणला जाई आणि नेमका पुढच्या टायरखालच्या बेचक्यात जाऊन रुते. ओढावे, तर पाइप न सुटता यंत्रच आडवे होऊन फरशीवरून घसरत येई. अशाच एका ओढाताणीत नळाकडचा प्लॅस्टिकचा जोड तुटला. मग पाणी मारायची गन खाली ठेवा, वाका, पाइप सोडवा, यंत्र उभे करा. मे महिन्यात एवढ्या वेळात, सकाळी सात वाजतासुद्धा, बॉनेटवरचा फेस वाळतो आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके मागे राहतात, जे नंतर पुसून जात नाहीत. लांब पाइप घेतला तर प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. मी दहा मीटरचा घेऊन पाहिला. ताण कमी झाला, घसरणे थांबले नाही.

जड यंत्र जागचे हलत नाही. पाइप त्याचाही अडकतो, पण एक हिसका दिला की यंत्राऐवजी पाइपच सुटून येतो. आवाजातही फरक आहे: हलक्याचा आवाज मिक्सरमध्ये कोरडी चटणी वाटावी तसा कर्कश होता आणि रविवारी सकाळी शेजारच्या काकू गॅलरीत येऊन नुसत्या बघत उभ्या राहत, जडाची घरघर कंपाउंडच्या भिंतीपलीकडे फारशी जात नसावी, कारण काकू आता बाहेर येत नाहीत.

जडाच्या विरुद्धही बरेच सांगता येईल. मला हलक्याच्या जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागले. शिवाय ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट मिळतात. माझे यंत्र १,८०० वॅटचे असल्याने पोर्चमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर नव्याने ओढून घ्यावी लागली. नळाला धार नसेल तेव्हा ड्रममधून पाणी ओढण्याची सोय दोन्हींत होती, आणि दोन्हींत आत येणारा पाइप आधी पाण्याने भरून घ्यावा लागतो, नाहीतर पंप कोरडा फिरतो.

घर तळमजल्यावर असेल आणि गाडी दारातच उभी राहत असेल, तर मी जडाकडे झुकेन. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून दर रविवारी यंत्र खाली आणायचे असेल, तर मात्र हलकाच बरा. त्यासोबत लांब पाइप लगेच घ्यावा आणि चारही टायरांपुढे एकेक वीट टेकवून ठेवावी, म्हणजे पाइप बेचक्यात कमी वेळा शिरतो. माझ्या त्या चार विटांवर आता पाण्याचा ड्रम ठेवला आहे.