लाँगहॉर्न: छोट्या क्लस्टरसाठी उत्तम स्टोरेज, पण डिफॉल्ट सेटिंगवर विसंबू नका

भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्याचे उत्पादन-नोंदींचे सॉफ्टवेअर आम्ही तीन सर्व्हरच्या कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी व हलवणारी यंत्रणा) क्लस्टरवर चालवतो. एका सर्व्हरवरचा कंटेनर, म्हणजे बंदिस्त गठ्ठ्यात चालणारे ॲप्लिकेशन, बंद पडून दुसऱ्यावर उभा राहिला, तरी त्याला त्याचा डेटा जसाच्या तसा मिळावा, यासाठी लाँगहॉर्न निवडले; ते प्रत्येक व्हॉल्यूमच्या, म्हणजे ॲप्लिकेशनला दिलेल्या आभासी डिस्कच्या, मुळात तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवते. रँचर लॅब्सने सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प २०१९ मध्ये सीएनसीएफकडे (क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन) गेला. परवान्याचे शुल्क नाही, आणि सेफ (Ceph) या स्टोरेज प्रणालीसारखी अवाढव्य यंत्रणा सांभाळायला लागणारे मनुष्यबळही लागत नाही.

बसवणे सोपे आहे. प्रत्येक सर्व्हरवर ओपन-आयस्कझी (नेटवर्कवरची डिस्क जोडणारे सॉफ्टवेअर) आधीच असावे लागते, आणि मल्टिपाथ सेवा (एकाच डिस्कचे अनेक मार्ग सांभाळणारी) चालू असेल तर तिने लाँगहॉर्नची डिव्हाइस ताब्यात घेऊ नयेत, अशी तजवीज करावी लागते. अन्यथा व्हॉल्यूम माउंटच होत नाही. डेटा मुळात ऑपरेटिंग सिस्टीमच्याच डिस्कवर साठवला जातो, म्हणून स्वतंत्र एसएसडी देणे इष्ट.

खरी काळजी घ्यायची ती स्टोरेज क्लासची, म्हणजे व्हॉल्यूम कसे बनवायचे हे ठरवणाऱ्या साच्याची. सोबत येणाऱ्या क्लासमध्ये रिक्लेम पॉलिसी (मागणी काढल्यावर व्हॉल्यूमचे काय करायचे, हा नियम) ‘डिलीट’ असते. म्हणजे कोणी घाईघाईत पीव्हीसी (ॲप्लिकेशनची व्हॉल्यूमसाठीची मागणी) काढून टाकला, तर त्यामागचा व्हॉल्यूमही त्याच्या तिन्ही प्रतींसह जातो. तीन प्रती डिस्क बिघडण्यापासून वाचवतात, माणसाच्या हातापासून नाही. म्हणून महत्त्वाच्या डेटासाठी ‘रिटेन’ (राखून ठेवा) पॉलिसीचा वेगळा क्लास करावा आणि तोच डिफॉल्ट ठेवावा. व्हॉल्यूम वाढवता येतो, लहान करता येत नाही, तेव्हा सुरुवातीला हात आखडता ठेवलेलाच बरा. याहून खटकणारी बाब म्हणजे लाँगहॉर्नच्या वेब पानाला स्वतःचे लॉगिनच नाही. ते पान नुसते इनग्रेसवर (क्लस्टरचे बाहेरून येण्याचे दार) टाकले, तर कार्यालयाच्या नेटवर्कवरील कोणीही माऊसच्या दोन क्लिकमध्ये व्हॉल्यूम पुसू शकतो. इतक्या प्रौढ उत्पादनात ही उणीव आजही असावी, हे पटत नाही.

आता गुरुवारी जाणाऱ्या विजेबद्दल. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाणे हे या परिसराला नवीन नाही, त्यामुळे सर्व्हर अचानक बंद झाला तर काय होते, हे आम्ही एका सर्व्हरची वायर काढून मुद्दाम पाहिले. सुमारे पाच मिनिटांनी कुबरनेटिस त्यावरचे पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) हलवण्याचा निर्णय घेते, पण स्टेटफुलसेटचा, म्हणजे स्वतःचा डेटा बाळगणाऱ्या ॲप्लिकेशनचा, पॉड ‘टर्मिनेटिंग’ अवस्थेतच अडकून राहतो. कारण जुना सर्व्हर खरोखर मेला आहे की नुसते नेटवर्क तुटले आहे, हे कुबरनेटिसला कळत नाही आणि एकाच व्हॉल्यूमवर जुना व नवा असे दोन पॉड लिहू लागले तर फाइल सिस्टीमची वाट लागेल. सर्व्हर बंद असल्यास असे पॉड हटवण्याची सोय लाँगहॉर्नच्या सेटिंगमध्ये आहे, मात्र ती मुळात बंद असते. हरवलेली प्रत नव्याने बांधण्याआधी लाँगहॉर्न दहा मिनिटे थांबते आणि जुना सर्व्हर परतला तर तीच प्रत वापरते; छोट्या वीजखंडितीच्या काळात हा शहाणपणा फार उपयोगी ठरला. वीज जाणार हे आधी माहीत असेल, तर मात्र प्रथम ॲप्लिकेशनचे पॉड शून्यावर आणावेत, व्हॉल्यूम डिटॅच झाल्याची खात्री करावी आणि मगच सर्व्हर बंद करावेत.

स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची नोंद) म्हणजे बॅकअप नव्हे, कारण तो त्याच प्रतींमध्ये, त्याच डिस्कवर असतो. खरा बॅकअप ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर किंवा एनएफएसवर (नेटवर्कवरील सामायिक फोल्डर) जातो आणि आवर्ती जॉबने रोज आपोआप घेता येतो. मायक्रोसॉफ्ट अझ्युरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यातच आहे, त्यामुळे शहराबाहेर प्रत हवी म्हणून आम्ही ॲमेझॉनचा मुंबई विभाग निवडला. बॅकअपमधून व्हॉल्यूम परत उभा करून त्यावर डेटाबेस खरोखर सुरू होतो का, हे तपासल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये.

वेगाबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. प्रत्येक लेखन नेटवर्कवरून सर्व प्रतींपर्यंत जाते, त्यामुळे एक गिगाबिटच्या स्विचवर जड व्यवहारांचा डेटाबेस संथ होतो. तशा भाराच्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी सर्व्हरची स्थानिक डिस्क आणि डेटाबेसचे स्वतःचे रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवणे) हाच मार्ग आम्ही सुचवू; अहवालांच्या फाइली, अंतर्गत साधने आणि मध्यम भाराचे डेटाबेस यांसाठी मात्र लाँगहॉर्न निःसंकोच घ्यावे.