कॅमेऱ्याची बेल: उन्हाळा ते दिवाळी, भुसावळचा अनुभव

आमच्या यांची रेल्वेत रात्रपाळी. घर वस्तीच्या टोकाला, रात्री घरात मी, सासूबाई आणि मुलगी. मे महिन्यात दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली. आता दिवाळीही आटोपली, तेव्हा लिहिते.

खरा उपयोग झाला तो बोलण्याचा. सासूबाई पारोळ्याकडच्या. दार वाजलं की ‘कोन शे?’ म्हणत कडी काढायची ही त्यांची सवय. दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवणं त्यांच्या मनाला पटत नाही. आता मी आतल्या खोलीतून मोबाइलवर चेहरा बघते आणि तिथूनच बोलते. पावसाळ्यात एकदा मध्यरात्रीनंतर एक माणूस आला. बायको तापाने फणफणलीय, दवाखाना कुठे, म्हणाला. त्याला रस्ता सांगितला, १०८ ला फोन लावू का तेही विचारलं. दार न उघडता त्याची नड भागली. त्या रात्रीपासून सासूबाईही आधी मला हाक मारतात.

घरात पुरुषमाणूस नाही हे बोलण्यातून कळू द्यायचं नाही, हे मुलीला नीट सांगून ठेवलंय. कोणी ‘पोलीस आहोत’ म्हणालं तर नाव, ठाणं विचारायचं आणि ११२ वर खात्री करायची. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकाऱ्याला आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. हे माहीत असलं की दमदाटीने हात कडीकडे जात नाही.

आता त्रास. आपल्याकडचं ऊन या यंत्राला झेपत नाही. पारा ४५ च्या वर गेला की पश्चिमेच्या भिंतीवरची बेल तापून बंदच पडायची. पत्र्याची छोटी पडवी केली तेव्हा थांबलं. पावसाळ्यात किडे आणि कोळ्याची जाळी यांमुळे रात्रभर खोट्या सूचना येतात, भिंग पुसत राहावं लागतं. लाइट गेली की बेल बॅटरीवर चालते, पण वायफाय बंद, म्हणजे मोबाइलवर काहीच नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्याच. अंधारात चित्र काळं-पांढरं दिसतं, कपड्यांचा रंग कळत नाही, म्हणून ओट्यावरचा दिवा रात्रभर चालू ठेवते.

आणि बेल कोणाला अडवत नाही. अडवतो तो लोखंडी जाळीचा दरवाजा, आतून वर-खाली दोन कड्यांचा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी तोच बसवा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर जिन्याच्या दारालाही कडी हवी.

चित्रीकरण साठवायला कंपनी दरमहा पैसे मागते. मेमरी कार्ड बसणारीच बेल बघून घ्या.