मँगोस्टीन की रंबुतान? कोकण-गोव्यात आगरात लावायचं तर

जागा एकाच झाडाची आहे, विहिरीला पाणी आहे, माड-पोफळी आहेतच, आता काहीतरी वेगळं लावायचंय आणि मन मँगोस्टीन आणि रंबुतानमध्ये अडकलंय, अशांसाठी हे लिहितोय. दोन्ही मलेशिया-इंडोनेशियाकडची झाडं, दोन्हीची रोपं आपल्याकडे बहुतेक केरळच्या नर्सऱ्यांतून येतात, फळंही साधारण पावसाळ्यातच बाजारात दिसतात, म्हणून लोक दोघांना एका पंगतीत बसवतात. पण झाडांचे स्वभाव पार वेगळे आहेत.

पहिला फरक थांबण्याचा. रंबुतानचं चांगलं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतं. मँगोस्टीनचं बियांपासूनचं रोप सात-आठ वर्षं घेतं, काही ठिकाणी दहाच्याही पुढे जातं. मुळं अशक्त हे त्याचं कारण, सोटमूळ खाली जातं पण बाजूची तंतुमुळं फार कमी, त्यामुळे पहिली दोन वर्षं तर झाड हललंय की नाही असंच वाटतं. मग लोक म्हणतात मँगोस्टीनचं पण कलम घेऊ, लवकर धरेल. धरतं लवकर हे खरं, पण कलमाची काडी आडव्या फांदीची असेल तर झाड उभं न वाढता पसरत राहतं, छोटंच राहतं, फळंही कमी. माझं स्पष्ट मत, मँगोस्टीन बियांचंच लावा आणि रंबुतान कलमच लावा, यात उलटसुलट करू नका.

रंबुतानला बी का नको ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, कारण रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, तेच आहे. बी लावली, झाड वाढवलं, मोहर आला आणि कळलं की नर आहे. रंबुतानच्या रोपांतही नर झाडं बरीच निघतात, म्हणून डोळा भरलेलं, म्हणजे चांगल्या झाडाचा डोळा बसवून केलेलं कलमी रोपच घ्यायचं, एन १८ ही जात केरळात खूप आहे, आणि कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्ग) चेट्टळ्ळी इथल्या बागायती संशोधन केंद्रातून अर्का कूर्ग अरुण (लाल) आणि अर्का कूर्ग पीताभ (पिवळी) या आपल्या देशातल्या जाती आल्यात. नर्सरीवाला जातीचं नाव सांगत नसेल तर रोप सोडून द्या.

मँगोस्टीन हा कोकमाचाच भाऊबंद, पण इथे गंमत अशी की त्याची बी परागीभवनाशिवाय तयार होते, म्हणजे रोप अगदी आईसारखंच निघतं, नर-मादीची भानगडच नाही. ज्यांना झाडं वाटायची हौस आहे त्यांच्यासाठी यासारखं झाड नाही हो! एका फळात एखाद-दुसरीच टपोरी बी मिळते, तीच घ्यायची, बारक्या बियांची रोपं मरतुकडी निघतात. गर पूर्ण धुवून काढायचा, उन्हात अजिबात वाळवायची नाही, वाळली की मेली. मित्राला पाठवायची तर ओलसर कोकोपीटमध्ये पिशवीत घालून लगेच पाठवा. फ्रीजमधल्या फळाची बी वापरू नका. रंबुतानची बीही अशीच नाजूक, पण ती वाटण्यात अर्थ नाही, त्याच्या डोळाकाड्या (कलमासाठी डोळे घ्यायच्या काड्या) वाटा. आणि थायलंडहून बॅगेतून रोप किंवा काडी आणायचा मोह होतो, तो टाळा, परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, नाहीतर नको तो रोग आपल्या बागेत यायचा.

आता जागा. मँगोस्टीनला पहिली तीन-चार वर्षं सावली हवीच, म्हणजे माड-पोफळीमधली दमट जागा किंवा गोव्यातलं कुळागर, म्हणजे पोफळीची मिश्र बाग, त्याला मानवतं. रंबुतानला उघडं ऊन लागतं, सावलीत ते नुसतं पानांनी वाढतं. जानेवारी ते मे पाणी दोघांनाही द्यायचंच, आणि सुक्या वाऱ्याने रंबुतानची पानं कडेने करपतात तेव्हा वाऱ्याच्या बाजूला आडोसा असू दे. घाटावर, म्हणजे पुणे-नाशिककडे, कोरडी हवा आणि थंडी बघता मी दोन्ही सुचवणार नाही.

फळाच्या वेळची दुखणीही वेगळी. रंबुतानवर वटवाघळं आणि पक्षी तुटून पडतात, जाळं लागणारच, आणि कुरतडलेलं फळ खायचं नाही, वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूचा धोका केरळने बघितलाय. शिवाय ते तोडल्यावर पिकत नाही आणि दोन-तीन दिवसांत त्याच्या सालीवरचे केस काळे पडतात, म्हणजे गिऱ्हाईक जवळ हवं. तोडणी झाली की फांद्यांची शेंडेछाटणी करायची. मँगोस्टीनला छाटणी जवळजवळ नाहीच, पण कोकणातल्या मुसळधार पावसात फळ तयार होत असेल आणि बुंध्याशी पाणी साचत असेल तर आत पिवळा कडवट चीक उतरतो आणि गर वाया जातो. म्हणून उताराची जागा किंवा चर, आणि उन्हाळ्यात पाण्याचा खाडा नको.

मला विचाराल तर जुनं आगर असेल, घाई नसेल, तर मँगोस्टीन. मोकळी उन्हाची जागा आणि जाळं घालायची तयारी असेल तर रंबुतान. मँगोस्टीन ठरलं तर खोल पिशवीतलं दोन वर्षांचं रोप घ्या, सोटमूळ पिशवीत वळलेलं नाही ना बघा, जांभ्यात खड्डा चांगला मोठा काढून शेणखत-माती भरा, लावताना मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका आणि पहिल्या उन्हाळ्याआधी माडाच्या झापांची सावली करून ठेवा.